नववीचं बीजगणित: शाळेबाहेर मदत नक्की कुणाकडे मागायची?

भांडुपची आई
नमस्कार मंडळी. मुलगा नववीत आहे, स्टेट बोर्ड, सेमी. आठवीपर्यंत गणितात बरा होता. या वर्षी बीजगणिताचा गृहपाठ समोर आला की वही उघडून नुसता बसून राहतो. पहिल्या घटक चाचणीत २० पैकी ७ पडले. मी फोर्टला नोकरी करते, घरी पोचायला पावणेआठ होतात. ह्यांची शिफ्ट ड्युटी. स्वयंपाक आटोपून साडेनऊला त्याच्याजवळ बसते, तोवर तोही पेंगुळलेला असतो आणि मीही. माझं शिक्षण बारावी आर्ट्स, बीजगणिताशी संबंध दहावीतच संपला. काल त्याने सरळ विचारलं, "आई, तुला तरी येतं का हे?" खोटं कशाला बोलू, नाही येत.

स्टेशनजवळ एक मोठा क्लास आहे, एका बॅचला चाळीसेक मुलं. घरगुती शिकवणीवाल्या एक बाई आहेत, पण त्यांच्याकडे जागा नाही. शाळेतल्याच एका शिक्षकांनी त्यांच्या खासगी क्लासला पाठवा असं सुचवलंय. शेजारच्यांची मुलगी इंजिनिअरिंगला आहे, तिला विचारायचा संकोच वाटतो. काय करावं? दहावी तोंडावर आली म्हणून जीव घाबरा झालाय.

मुलुंड चेकनाका
ताई, क्लास लावून टाका. नववीत पाया कच्चा राहिला तर दहावीत धावपळ होते. आमच्या मुलीला लावला, निदान रोज दोन तास गणित हाताखालून जातं.

सेमीची आई, गोरेगाव
आमच्याकडे चाळीसच्या बॅचचा उपयोग झाला नाही. मुलगा शंका विचारायचाच नाही, सगळ्यांसमोर हसतील म्हणून. वर्षभर फळ्यावरचं उतरवून आणलं. वही बघाल तर एकही चूक नाही, आणि परीक्षेत तेच गणित आकडे बदलून आलं की हात थांबायचा. क्लास वाईट होता असं म्हणणार नाही. सर मन लावून शिकवायचे. पण माझ्या मुलाला काय येत नाही हे त्यांना कळायला वाव कुठे होता?

फळा आणि खडू
मी परळच्या बाजूला मराठी शाळेत ३१ वर्षं गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. भांडुपच्या ताई, क्लास, शिकवणी, शेजारची मुलगी हे नंतर ठरवू. आधी एक करा. त्याने स्वतः सोडवलेलं आणि चुकलेलं एक गणित वहीत जसं असेल तसं, एकही ओळ न सुधारता इथे लिहा. खोडलेलं असेल तर खोडलेलंही लिहा.

भांडुपची आई
बाई, लगेच लिहिते. त्याच्या वहीत एक्स आणि वाय आहेत, मी आमच्या वेळेसारखं क्ष आणि य लिहिते.

३क्ष + २य = १२
३क्ष − य = ३
वजाबाकी करून
य = ९
३क्ष + १८ = १२
३क्ष = −६
क्ष = −२

पुस्तकामागचं उत्तर वेगळं आहे. पण तो म्हणतो, मी पडताळा घेतलाय आणि तो बरोबर आलाय. खरंच आलाय. पहिल्या समीकरणात −२ आणि ९ घातले तर −६ अधिक १८ बरोबर १२. म्हणून तो चिडलाय, पुस्तकच चुकलंय म्हणतो.

फळा आणि खडू
हे फार चांगलं उदाहरण दिलंत. आणि मुलगा पडताळा घेतो, ही सवय अर्ध्या वर्गाला नसते. त्याला आधी हे सांगा.

आता पडताळ्याबद्दल. य ची किंमत त्याने पहिल्या समीकरणात घालून क्ष काढला. मग त्याच समीकरणात दोन्ही किमती घातल्या, तर ते जुळणारच. य च्या जागी ९ ऐवजी ५० घेतले असते तरी जुळलं असतं. पडताळा दुसऱ्या समीकरणात घ्यायचा, जे शेवटी वापरलेलं नाही. तिथे ३ गुणिले −२ म्हणजे −६, त्यातून ९ गेले, −१५. यायला हवे होते ३. म्हणजे चूक वरच्या ओळींत आहे.

मूळ चूक "य = ९" इथे. वजाबाकी करताना त्याने २य मधून य वजा केला. पण खालच्या समीकरणात य आहे का? नाही, −य आहे. २य − (−य) म्हणजे ३य. मग ३य = ९, य = ३, क्ष = २. दोन्ही समीकरणांत घालून बघा, दोन्हीकडे जुळेल.

त्याला दोन चलांतली समीकरणं कळलेली आहेत ताई. कुठलं पद घालवायचं, किंमत कुठे ठेवायची, सगळं बरोबर केलंय. अडतोय तो कंसाआधीच्या वजापाशी, आणि ते सातवीत, बैजिक राशींच्या वजाबाकीत राहून गेलेलं असतं. माझा अंदाज पारखायला त्याला आज एवढंच एक गणित द्या: ५ − ३(क्ष − २) = २. काही शिकवू नका, नुसतं सोडवायला सांगा.

लालबागचा पोरगा
बाई, वाचताना अंगावर काटा आला. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेली दोन वर्षं आमच्या मंडळाच्या अभ्यासिकेत संध्याकाळी सात ते साडेनऊ आठवी ते दहावीच्या मुलांबरोबर बसतो. फी नाही, आम्ही चार-पाच जण आळीपाळीने येतो. दहापैकी सात मुलांची गाडी याच वजावर अडते. मला ते ओळखायला पहिले सहा महिने लागले, कारण मी पण आधी सरळ गणित सोडवून दाखवायचो. मुलं "हो दादा, कळलं" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी तीच चूक घेऊन यायची.

आता आमच्याकडे एकच नियम आहे. पेन माझ्या हातात नसतं. मुलगा सोडवतो आणि तोंडाने बोलत जातो, मी ऐकतो. "हे इकडून तिकडे गेलं म्हणून चिन्ह बदललं" असं म्हणाला की विचारतो, इकडून तिकडे म्हणजे काय रे, का बदललं? तिथे बोलणं थांबलं तर अडचण तिथेच आहे.

ताई, शेजारच्या मुलीला बिनधास्त विचारा. आम्हाला कुणी विचारलं तर बरं वाटतं, खरंच. फक्त तिच्या परीक्षेचे दिवस सोडा, आणि "तासभर शिकव" असं न म्हणता "ह्या तीन गणितांपाशी अडलाय" असं घेऊन जा.

वरळीकर
अभ्यासिकेचा विषय निघाला म्हणून. माझे वडील बीडीडी चाळीतले. १६० चौरस फुटांची खोली, माणसं नऊ. अभ्यासाला जायचे ते सुदाम काळू अहिरे मार्गावर, ज्याला सगळी वरळी अभ्यास गल्ली म्हणते. रस्त्याच्या दिव्याखाली पोरं बसायची. वडील सांगतात की उजेड आणि शांतता हवी म्हणून पोरं जायची हे खरं, पण त्यांना स्वतःला गणित आलं ते पुढच्या यत्तेतली मुलं तिथेच बसलेली असायची म्हणून. अडलं की वही घेऊन दोन दिवे पलीकडे जायचं. ज्याने गेल्याच वर्षी तेच गणित चुकवलंय तो पटकन सांगतो, कुठे पाय घसरतो ते.

आमच्या टॉवरमध्ये आता प्रत्येक मुलाला स्वतंत्र टेबल आहे. वही घेऊन कुणाकडे जायचं, हे मात्र माझ्या मुलीला ठाऊक नाही.

सेमीची आई, गोरेगाव
शाळेतल्या शिक्षकांच्या खासगी क्लासबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ मध्ये स्पष्ट म्हटलंय की शिक्षकाने खासगी शिकवणी घ्यायची नाही. ताई, भांडू नका, मुलाला त्याच शाळेत जायचंय. पण "सर, मधल्या सुट्टीत आठवड्यातून एकदा दहा मिनिटं त्याची वही बघाल का" एवढं विचारायचा तुम्हाला पुरेपूर हक्क आहे. आमच्या शाळेत विचारलं तेव्हा बाई आनंदाने तयार झाल्या. पालक असं काही मागत नाहीत, थेट क्लासच लावतात, असं त्याच म्हणाल्या.

रात्रीची लोकल
फोटो काढला की उत्तर देणारी ॲपं आहेत की. पायऱ्यांसकट येतं सगळं. फुकट. माणूस कशाला शोधायचा?

डोंबिवली फास्ट बाबा
आमच्या घरात हे झालंय म्हणून कळकळीने सांगतो. मुलगी दहावीत. वर्षाच्या सुरुवातीला गृहपाठ पंधरा मिनिटांत व्हायला लागला, मी खूश. वही इतकी सुंदर की मी नातेवाइकांना दाखवली. सहामाहीत बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा, दोन तासांचा. तिने मला सांगितलं की पहिला अर्धा तास तिला काही सुचतच नव्हतं. वर्गसमीकरण समोर होतं, मधलं पद फोडायचं एवढं आठवत होतं, कसं फोडायचं ते नाही. घरी येऊन रडली, आणि मी तिच्यावर ओरडलो. त्याचं आजही वाईट वाटतं, कारण मला सहा महिने काही दिसलं नव्हतं.

आणखी एक अडचण. आपल्या बोर्डाच्या पेपरात कृतीचे प्रश्न असतात, रिकाम्या चौकटी भरायच्या. तिथे पुस्तकाच्या पद्धतीने एकेक पायरी पुढे जावं लागतं. ॲपची पद्धत बऱ्याचदा वेगळी असते. उत्तर तेच, पण चौकटीत काय लिहायचं ते कळत नाही.

आता आमचा करार असा: आधी स्वतः सोडवायचं, पूर्ण, चुकलं तरी चालेल. मग ॲप उघडायचं आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून पहिली वेगळी ओळ कुठली ते शोधायचं. त्या ओळीखाली लाल रेघ. बस.

फळा आणि खडू
डोंबिवलीचे बाबा, "पहिली वेगळी ओळ" हे मी माझ्या पदरी घेते. ३१ वर्षं वह्या तपासताना तेच शोधलं, पण इतकं सोप्या शब्दांत कधी सांगता आलं नाही.

भांडुपची आई
बाई, काल रात्री दिलं ते गणित. त्याने लिहिलं:

५ − ३क्ष − ६ = २
−३क्ष = ३
क्ष = −१

तुम्ही म्हणालात तसंच झालं ना? ३ ने −२ ला गुणलं पण वजा वजा राहून गेलं. मी काही बोलले नाही. फक्त म्हटलं, पडताळा घे. त्याने −१ घातला, तर १४ आले. यायला हवे होते २. बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला, "म्हणजे मी दर वेळी हेच करतो?" मला काय बोलावं कळेना. वजा वजा अधिक का होतं, हे मला त्याला सांगता आलं नाही. पाठ आहे, पण का ते नाही माहीत.

फळा आणि खडू
ताई, तो "दर वेळी हेच" म्हणाला ना, तिथेच निम्मं काम झालं.

का होतं, ते वाण्याच्या दुकानात सांगा. खिशात ५०० रुपये आहेत. बिल झालं २००, पण दुकानदार म्हणाला त्यातले ५० सोडले. उरले किती? ५०० − (२०० − ५०). मुलगा तोंडी सांगेल, ३५०. आता कंस सोडून लिहायला सांगा. ५०० − २०० − ५० लिहिलं तर २५० येतात, म्हणजे दुकानदाराने सोडलेले ५० आपण वर आणखी देऊन आलो. ते त्याला पटणार नाही. म्हणून ५०० − २०० + ५०. देण्यातून जे कमी झालं ते आपल्याकडे राहिलं.

मराठीत आपण शून्याखालच्या संख्येला ऋण म्हणतो, म्हणजेच कर्ज. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये नियम मांडले तेच मुळी धन आणि ऋण या शब्दांत. सेमीच्या मुलांना "निगेटिव्ह" शिकवतात आणि हा अर्थ हातातून जातो. घरी ऋणच म्हणा. "ऋण फिटलं तर माणूस वर येतो" हे चौदा वर्षांच्या मुलाला आपसूक कळतं.

आणि कंसातलं प्रत्येक पद गुणलं गेलं का, हे बघायला त्याला कंसावर बाण काढू द्या. ३ पासून क्ष कडे एक, −२ कडे एक. शाळेत नववीच्या मुलाला बाण काढायची लाज वाटते, घरी वाटणार नाही.

सेमीची आई, गोरेगाव
बाई, सेमीचं तुम्ही बोललात म्हणून विचारते. आमची खरी अडचण शब्दांचीच आहे. मी पक्षांतर म्हणते, तो ट्रान्सपोज म्हणतो. मी सहगुणक म्हणते, तो कोएफिशिएंट. घरात गणितावर बोलायचं तर आधी भाषांतर करावं लागतं, आणि तो म्हणतो, "आई, तू जुनं शिकवतेस."

फळा आणि खडू
बालभारतीच्या संकेतस्थळावरून दोन्ही माध्यमांची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. गणित भाग १ मराठीतही घ्या आणि इंग्रजीतही. प्रकरणं तीच, सरावसंच तेच, गणितंही तीच. दोन्ही शेजारी उघडून बसा. मराठी तुम्ही वाचा, इंग्रजी त्याला वाचू द्या. शाब्दिक उदाहरणांत याचा फार उपयोग होतो. "वडिलांचे वय मुलाच्या वयाच्या दुपटीपेक्षा ५ ने जास्त" हे मराठीत ऐकलं की मुलं समीकरण मांडतात, इंग्रजीत तीच मुलं गोंधळतात. गणित त्यांना येत असतं, वाक्य कळलेलं नसतं.

पुस्तकात क्यूआर कोडही आहेत, दीक्षा ॲपमधून उघडतात. रात्री साडेनऊला दुसरं कुणी नसताना तेवढा आधार आहे.

चुनाभट्टी
मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात विचारून बघा ना कुणीतरी.

लालबागचा पोरगा
ते केंद्र ऑलिंपियाडसाठी आहे, संशोधनासाठी आहे, फार मोठं काम आहे त्यांचं. गृहपाठाला मात्र मदत अशी तिथे मिळणार नाही. मुलाला पुढे गोडी लागली तर जरूर जा. आत्ता त्याला घरापासून चालत जाता येईल असं ठिकाण हवं. भांडुपला मंडळांच्या अभ्यासिका असतीलच, वॉर्डातही चौकशी करा. गेल्यावर एकच बघा: तिथे नुसती टेबलं आहेत, की कुणी शेजारी बसणारं आहे.

मुलुंड चेकनाका
मी वर क्लास लावा म्हटलं होतं. सगळं वाचून काल मुलीची वही घेतली आणि पहिली वेगळी ओळ शोधली. तिची चूक वजाची नाही. ती छेद घालवायला गुणताना उजवी बाजू गुणायची विसरते, पाचपैकी चार गणितांत तेच. क्लासला दीड वर्ष जातेय. सर तपासतात, चूक म्हणून फुली मारतात, बरोबर उत्तर फळ्यावर देतात. त्यांच्याकडे दीडशे वह्या आहेत, मी त्यांना दोष देत नाही. मी स्वतः अकाउंट्सला आहे, रोज आकड्यांत असतो, पण दीड वर्षात तिची वही एकदाही उघडली नव्हती.

भांडुपची आई
आठवडा झाला म्हणून कळवते. शेजारच्या मुलीला विचारलं. सोमवार आणि गुरुवार, जेवणानंतर अर्धा तास. पैसे घ्यायला तयार नाही. तिला अळूवडी आवडते, तेवढी मी पोचती करते. लालबागच्या भाऊंचा नियम तिला सांगितला, पेन त्याच्याच हातात. पहिल्या दिवशी तिला फार जड गेलं, दोनदा हात पुढे झाला तिचा.

शाळेतही गेले. सर सुरुवातीला थोडे नाराज दिसले, मग शुक्रवारी मधल्या सुट्टीत वही आण म्हणाले. बघू.

मी रात्री एकच काम करते. त्याने सोडवलेल्या पाच गणितांतलं एक निवडायचं आणि म्हणायचं, पडताळा दुसऱ्या समीकरणात घे. एवढं मला येतं. काल पाचपैकी तीन बरोबर आली. चुकलेल्या दोनांतल्या एकात परत वजा, पण त्याने माझ्याआधी पकडला. दुसऱ्यात काय चुकलंय ते आम्हा दोघांनाही सापडलं नाही. बाई, लिहू का इथे?

फळा आणि खडू
लिहा. सगळ्या ओळी लिहा, खोडलेल्यासुद्धा.

भांडुपची आई
हे त्यानेच सांगितलं, मी टाइप करतेय.

क्ष/२ + य/३ = ४
३क्ष + २य = ४
क्ष − य = ३

पुढे त्याला क्ष = २ आणि य = −१ आलं. दुसऱ्या समीकरणात घातलं, २ + १ = ३, जुळलं. पहिल्यात घातलं तर १ − १/३ येतं, ४ येत नाही. तो म्हणतो, "आई, बाईंना सांग की मी दोन्हीकडे घालून बघितलं."

मुलुंड चेकनाका
ताई, उत्तर देऊ नका त्याला. फक्त विचारा, दुसऱ्या ओळीत डावीकडचं कितीने गुणलं? आणि उजवीकडचं? माझी मुलगी शेजारी बसलीय, तिने बघताक्षणी ओळखलं.